साखरेचा इतिहास आणि किराण्याची कीर्द

सिडनी मिंट्स ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हा ग्रंथ १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार २०१५ सालीं वारले. साम्राज्यांचा व्यापार आणि सामान्य माणसाचें ताट ह्यांचा संबंध दाखविणारे अनेक ग्रंथ ह्यानंतर निघाले. परंतु त्या सर्वांस जी वाट सांपडली ती बरीचशी मिंट्स ह्यांनीं पाडलेली आहे. आमच्याकडील संशोधकांच्या बैठकींत मात्र ह्या ग्रंथाचें नांव क्वचितच निघतें. त्याचें कारण उघड आहे. आमचा जीव सनदा, तह, मोहिमा आणि वंशावळी ह्यांत गुंतलेला. साखर, चहा, मिरची हे विषय वाण्याचे, इतिहासकाराचे नव्हत, अशी आमची एक जुनी समजूत आहे. ती समजूत दूर करण्यास हा ग्रंथ समर्थ आहे. आणि ग्रंथांत जी मोठी उणीव राहिली आहे, ती भरून काढण्याची सामुग्री आमच्याच दप्तरांत धूळ खात पडली आहे. ह्या दोन कारणांस्तव त्याचें परीक्षण येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

ग्रंथाचा उगम असा. १९४८ सालीं मिंट्स हे प्वेर्तो रीको बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ऊसतोड्या मजुरांच्या एका वस्तींत राहिले. भोंवतीं दृष्टि पोंचेल तेथवर ऊस. वस्तींतले लोक मळेवाल्या कंपनीचे मजूर. आणि तयार होणारा माल बेटाबाहेर जाणारा. एवढी साखर खातो कोण, तो ती केव्हांपासून खाऊं लागला, आणि त्याला ती इतकी कां लागते, हे प्रश्न त्यांना तेथें पडले. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं हा ग्रंथ लिहिला. त्याचीं प्रकरणें पांच: पहिल्यांत अन्न आणि समाज ह्यांचा सामान्य विचार, दुसऱ्यांत साखरेचें उत्पादन, तिसऱ्यांत तिचें सेवन, चवथ्यांत सत्तेचा संबंध, आणि पांचव्यांत आजच्या खाण्यापिण्याची चर्चा. उत्पादनाचें स्थळ मुख्यतः वेस्ट इंडीज, आणि सेवनाचें स्थळ मुख्यतः इंग्लंड. हीं दोन टोकें एकाच दोरीचीं आहेत हें दाखविणें, हा ग्रंथाचा हेतु.

उसाचें मूळ न्यू गिनी बेटांत. परंतु त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या वाढली ती हिंदुस्थानांत. तांग घराण्याच्या बादशहानें सन ६४७ मध्यें ही विद्या शिकण्याकरितां मगधांत माणसें पाठविलीं, असा चिनी बखरींत दाखला आहे. पुढें अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर गेला, आणि १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरींत कोलंबसानें तो कॅनरी बेटांतून अमेरिकेंत नेला. ह्या सर्व प्रवासाचा दाखला शब्दांत टिकून आहे. आपली शर्करा फारसींत शकर, अरबींत सुक्कर आणि इंग्रजींत शुगर झाली. आपलें खंड फारसींत कंद होऊन इंग्रजींत कँडी झालें. उलट हिंदी भाषेंत पांढऱ्या साखरेस चिनी आणि खडीसाखरेस मिसरी म्हणतात. म्हणजे आपल्या घरची वस्तु परदेशच्या नांवानें पुन्हां आपल्याच घरीं आली. नाण्यांवरून राजांचा कालक्रम लावणारांनीं शब्दांवरून बाजाराचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे.

आतां इंग्लंडकडे वळूं. सन १२२६ मध्यें तिसऱ्या हेन्री राजानें विंचेस्टरच्या नगराध्यक्षास आज्ञा केली कीं, व्यापाऱ्यांपाशीं एका वेळीं एवढी मिळत असल्यास अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर मिळवून द्यावी. राजालाहि तीन पौंड साखर मिळेल कीं नाहीं ह्याची शंका होती, हें ह्या एका ओळीवरून कळतें. १२६५ सालच्या लेस्टरच्या सरदारपत्नीच्या घरखर्चाच्या वहींतहि साखरेचा उल्लेख आहे. त्या काळीं साखर ही औषध होती, मसाला होती आणि मेजवानीच्या मेजावर मांडावयाच्या शोभेच्या वस्तु घडविण्याचें द्रव्य होती. गोडी आणणें व पदार्थ टिकविणें हे तिचे उपयोग पुढें वाढले. ह्या पांच उपयोगांचा क्रमवार इतिहास मिंट्स ह्यांनीं दिला आहे, आणि ग्रंथाचा तो भाग आमच्या मतें सर्वांत उत्तम आहे.

ह्यानंतर मळ्यांचा काळ आला. १६२७ सालीं इंग्रजांनीं बार्बेडोस बेटावर वसाहत केली, १६४० नंतर तेथें ऊस पसरला, आणि १६५५ सालीं जमेका त्यांच्या हातीं आलें. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून जहाजांवर चढविलेल्या माणसांची एकंदर संख्या सव्वा कोटीच्या घरांत जाते. त्यांपैकीं सुमारें अठरा लाख वाटेंतच मेले. जे पोंचले त्यांतला फार मोठा भाग उसाच्या मळ्यांत राबला. इकडे इंग्लंडांत दर माणशीं साखरेचा वार्षिक खप १७०० सालीं ४ पौंड होता, तो १८०० सालीं १८ पौंड झाला. १९०० च्या सुमारास इंग्रजांच्या आहारांतील उष्मांकांचा जवळजवळ पांचवा हिस्सा साखरेंतून येत होता. राजाच्या भांडारांत न मिळणारी वस्तु साडेसहाशें वर्षांत मजुराच्या पोटाचा आधार झाली.

हा फेरफार कसा झाला? मिंट्स ह्यांचें उत्तर दुहेरी आहे. एक तर मळा ही वस्तु आपण समजतों तशी निव्वळ शेतीची नव्हती. ऊस तोडल्यावर थोड्या वेळांत गाळावा लागतो. म्हणून शेत, चरक आणि कढया ह्यांची एकच सांखळी बांधावी लागते, आणि घड्याळाच्या शिस्तीनें माणसें राबवावीं लागतात. म्हणजे यूरोपांत गिरण्या निघण्यापूर्वीं कारखान्याची शिस्त वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांच्या अंगावर तयार झाली. हें मत ज्यांस नवें वाटेल त्यांनीं एरिक विल्यम्स ह्यांचा १९४४ सालचा भांडवलशाही व गुलामगिरी ह्यांवरील ग्रंथहि सोबत पाहावा. दुसरें असें कीं, ह्या मळ्यांचा माल आणि इंग्लंडांतील नव्या गिरण्यांचा मजूर ह्यांची गांठ चहाच्या पेल्यांत पडली. १७८४ सालीं चहावरील जकात शेंकडा ११९ वरून साडेबारावर आली. साखरेवरील निरनिराळ्या जकाती १८४६ च्या कायद्यानें समान करण्यास आरंभ झाला, आणि १८७४ सालीं त्या अजीबात उठल्या. साखर घातलेला कढत चहा, पाव आणि मुरंबा, ह्यांवर मजुराचें घर चालूं लागलें. बायको गिरणींत गेली तरी मुलांपुढें पाव व मुरंबा ठेवतां येत असे. त्याला ना चूल लागे, ना वेळ. घरांत मांस आलेंच तर तें बहुधा कमावत्या पुरुषाच्या पानांत, आणि साखर बायकामुलांच्या पानांत, असा वांटा पडला. ताटांतला हा वांटा मिंट्स ह्यांनीं मोठ्या बारकाईनें दाखविला आहे.

ह्यावरून ते असा सिद्धान्त काढतात कीं, पदार्थाला दोन अर्थ असतात. एक आंतला, खाणारा आपल्या सणावारांत, पाहुणचारांत व नित्यक्रमांत त्याला जो अर्थ देतो तो. दुसरा बाहेरचा, तो पदार्थ खाणाऱ्यापर्यंत कोणी, कोणत्या दरानें व कोणाच्या श्रमानें आणून पोंचविला, ह्याचा. आंतला अर्थ खाणाराच ठरवितो, पण काय खावयास मिळेल हें बाहेरचा अर्थ ठरवितो.

हा सिद्धान्त आमच्या घरीं लावून पाहिला असतां तो किती खरा आहे हें ताबडतोब पटतें. आषाढी एकादशीच्या फराळाचें ताट घ्या. त्यांतील बटाटा दक्षिण अमेरिकेंतला, व त्याचें नांव पोर्तुगीजांकडून आलेलें. शेंगदाणा तिकडचाच. मिरची अमेरिकेंतली, गोवें १५१० सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यानंतर ती आपल्याकडे पसरली. रताळें अमेरिकेंतलें, राजगिराहि तिकडचाच मानतात. आणि हल्लींचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदहि त्याच खंडांतला. खरें जुनें असें त्या ताटांत वऱ्याचे तांदूळ तेवढे उरतात. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर ह्यानें रचलेल्या ‘मानसोल्लासां’त पाकक्रियेचें विस्तृत वर्णन आहे, पण त्यांत मिरचीचें नांव नाहीं, तिखटपणा मिऱ्याचा. कै. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरचा ठरविलेला रघुनाथ गणेश नवहस्ते ह्यांचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ ह्याच दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखा आहे. गोडे ह्यांनीं जिलबीपासून तंबाखूपर्यंत अनेक वस्तूंचा शोध संस्कृत पोथ्यांतून लावला. त्यांच्या लेखांत जी दृष्टि होती, तीच मिंट्स ह्यांच्या ग्रंथांत एका खंडाच्या व्यापारास लावलेली दिसते. व्रताचा आंतला अर्थ आमचा. ताट साम्राज्यांच्या गलबतांनीं भरलेलें. ह्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. पण ‘परंपरेनें चालत आलेलें’ हे शब्द लिहितांना लेखणी क्षणभर थांबावी, एवढें मात्र खरें.

येथवर ग्रंथाचे गुण सांगितले. आतां दोषांकडे वळतों.

पहिला आक्षेप प्रमाणशास्त्राचा. साखरेमुळें मजुरास स्वस्त उष्मांक मिळाले, त्यामुळें मजुरी खालीं ठेवणें गिरणीवाल्यांस सोपें झालें, आणि मळेवाले, जहाजवाले, पेढीवाले व सरकारचा जकातखाना ह्या सर्वांचा त्यांत लाभ झाला, हें ग्रंथकारानें चांगलें दाखविलें आहे. परंतु लाभ झाला म्हणून हेतु सिद्ध होत नाहीं. ह्यांत कोणाचा कट नव्हता असें ते स्वतःच सांगतात. तरीहि ‘सत्ता’ ह्या चवथ्या प्रकरणांत त्यांची भाषा पुष्कळदां अशी होते कीं, जणूं कोणी तरी बसून हा बेत आंखला होता. सत्तेचे प्रकार वेगळे काढणें येथें अवश्य होतें. जकात कमी करणाऱ्या मंत्र्याची सत्ता वेगळी, चाबूक धरणाऱ्या मुकादमाची वेगळी, आणि दुकानदाराच्या उधारीची वेगळी. ह्या तिन्हींस एकाच नांवाखालीं घातल्यामुळें प्रकरणाचा जोर वाढला आहे, पण धार बोथट झाली आहे.

दुसरा आक्षेप आंकड्यांचा. दर माणशीं खपाचा आंकडा म्हणजे बंदरांत उतरलेल्या मालास लोकसंख्येनें भागून आलेली सरासरी होय. तिच्यांत उमरावाचें ताट व मजुराचें ताट एक होतें. ग्रंथकारास ह्याची जाणीव आहे आणि वर्गभेद, स्त्रीपुरुषभेद ते शब्दांनीं सांगतातहि. पण अठराव्या शतकांतल्या मजुराच्या घरची प्रत्यक्ष वही फारशी हातीं नसल्यामुळें त्यांना अनुमानावर विसंबावें लागलें आहे. राजाच्या व सरदाराच्या वह्या जपल्या गेल्या, मजुराची वही बहुधा लिहिलीच गेली नाहीं, हें त्याचें कारण.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, आणि त्याच्यासाठींच हें परीक्षण लिहिण्यास आम्ही बसलों. ह्या ग्रंथांत हिंदुस्थान प्रारंभीं साखरेची जन्मभूमि म्हणून येतो, आणि नंतर जवळजवळ नाहींसा होतो. साखरेनें हिंदी माणसांस नाताळ, मॉरिशस व फिजी येथें नेलें, हें मिंट्स ह्यांनीं मोजक्या वाक्यांत नोंदलें आहे. पुढें विस्तार नाहीं. वेस्ट इंडीजचा अभ्यासक वेस्ट इंडीजविषयीं लिहिणार, हें खरें. तरी ह्यामुळें साखरेच्या इतिहासाचा अर्धा भाग दिसेनासा होतो. तो अर्धा भाग कोणता, तें थोडक्यांत सांगतों.

गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ठराव १७९१ सालीं पार्लमेंटांत फेटाळला गेला, तेव्हां इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर सोडली. ती चळवळ पुढें १८२० नंतर पुन्हां जोरावली, तेव्हां गुलामांच्या श्रमाची नव्हे म्हणून ईस्ट इंडियाची साखर वापरा, असें दुकानांतून सांगितलें जाई. म्हणजे आमची साखर एका काळीं तिकडे सदाचाराची खूण होती. १८३३ च्या कायद्यानें गुलामगिरी बंद झाली. मालकांना दोन कोटि पौंड भरपाई मिळाली, गुलामांना कांहीं नाहीं. १८३६ सालीं बंगालच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीची झाली आणि बंगालची निर्यात एकदम वाढली. मग १८४६ चा कायदा आला. त्यानें परदेशी साखरेस दार उघडलें, आणि इंग्रज मजुराची साखर स्वस्त झाली. पण ती परदेशी साखर बहुतेक क्यूबा व ब्राझिल येथील गुलामांच्या श्रमाची होती. त्या दोन देशांत गुलामगिरी संपली ती अनुक्रमें १८८६ व १८८८ सालीं. बंगालच्या निर्यातीस ह्या कायद्यानें मोठा धक्का बसला. स्वस्ताईची किंमत कोण देतो, हें ह्या एका कायद्याच्या इतिहासांत पाहावें.

ह्याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. मॉरिशस बेट १८१० सालीं इंग्रजांनीं फ्रेंचांपासून घेतलें. १८२५ सालीं तेथील साखरेस वेस्ट इंडीजच्या साखरेची जकात लागू झाली. मळे वाढले, आणि गुलामगिरी उठतांच १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले मजूर तेथें जाऊं लागले. एकट्या मॉरिशसमध्यें सुमारें साडेचार लाख, आणि साखरेच्या सर्व वसाहती धरून दहा लाखांहून अधिक माणसें अशीं गेलीं. करारास इंग्रजींत ॲग्रीमेंट. मजुरांच्या तोंडीं तें गिरमिट झालें, आणि ते स्वतः गिरमिटे झाले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी व साताऱ्याकडील मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात. जेथें ते उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशांत गणला आहे. ह्या पद्धतीविरुद्ध वरिष्ठ कायदेमंडळांत लढला तो गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या १९१० च्या ठरावानंतर १९११ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीकडील भरती थांबली. सर्वच पद्धत बंद करावी हा त्यांचा १९१२ चा ठराव फेटाळला गेला, आणि अखेर १९१७ सालीं, गोखले वारल्यावर दोन वर्षांनीं, भरती बंद झाली.

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजू पाहावी. मॉरिशसच्या साखरेस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठें गिऱ्हाईक मिळालें तें हिंदुस्थानांत. गुजराथींत पांढऱ्या साखरेस मोरस म्हणतात तें मॉरिशसवरून. आणि मुंबईच्या बाजारांतून मराठींतहि मोरस साखर हा शब्द आला. ज्या बंदरांतून माणूस गेला त्याच बंदरांत त्याच्या श्रमाची साखर परत आली. तिच्या मागोमाग जर्मनी व ऑस्ट्रिया येथील बीटाची साखर सरकारी देणग्यांच्या जोरावर इतकी स्वस्त येऊं लागली कीं, १८९९ सालीं कर्झनच्या सरकारास तिजवर भरपाईची जकात बसवावी लागली. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत ही साखर हाडांच्या कोळशानें शुद्ध केलेली म्हणून कित्येकांनीं सोडली. पुढें जावाची साखर आली. १९३० च्या सुमारास वर्षाकाठीं सुमारें दहा लाख टन परदेशी साखर, बहुतांशीं जावाची, ह्या साखरेच्या जन्मभूमींत उतरत होती. १९३२ च्या संरक्षक कायद्यानें ती थांबली, आणि पांच वर्षांत देशांतील साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपास होती ती एकशेंतीसावर गेली. दख्खनमध्यें दुष्काळ निवारावा म्हणून काढलेल्या नीरा, गोदावरी व प्रवरा ह्यांच्या कालव्यांचें पाणी उसाकडे वळलें. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें प्रवरेच्या कांठीं सहकारी कारखाना सुरू झाला, आणि मालकी प्रथमच ऊस पिकविणाऱ्याकडे आली. मळ्याच्या इतिहासांत ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ऊस तोडणाराचें काय? आजहि मराठवाड्यांतून दरवर्षीं लाखों माणसें हंगामापुरतीं घरें सोडून कारखान्यांच्या फडांवर जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत बांधलीं जातात. नवराबायकोच्या जोडीस मिळून हिशेबांत ‘एक कोयता’ लिहितात. गिरमिट व उचल ह्या एकच गोष्टी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. गिरमिट सरकारी कायद्याचें होतें व समुद्रापलीकडचें होतें. पण दोन माणसांचें नांव पुसून त्यांस हत्याराच्या नांवानें लिहिणारी ही हिशेबाची ओळ इतिहासाच्या विद्यार्थ्यानें नीट वाचावी. मिंट्स ह्यांचा ग्रंथ वाचल्यावर ती ओळ पूर्वींसारखी वाचतां येत नाहीं, हेंच त्याच्या योग्यतेचें गमक.

ह्या राहिलेल्या अर्ध्या भागावर कोणी लिहिलेंच नाहीं असें नव्हे. उल्बे बोस्मा ह्यांनीं २०१३ सालीं हिंदुस्थान व इंडोनेशिया येथील साखरेच्या मळ्यांवर ग्रंथ लिहून हिंदी शेतकऱ्याचा गूळ कारखान्याच्या साखरेपुढें इतकीं वर्षें कसा टिकला ह्याची चर्चा केली आहे. तो प्रयत्न स्तुत्य आहे. पण आमच्या मोडी कागदांपर्यंत तोहि पोंचत नाहीं. आणि तेथेंच आमचें काम सुरू होतें.

मिंट्स ह्यांच्या ग्रंथास बळ आलें तें तीन पौंड साखरेच्या एका आज्ञापत्रामुळें, एका सरदारपत्नीच्या घरखर्चामुळें, जकातीच्या वह्यांमुळें. अशीच सामुग्री आमच्याकडे आहे. पेशवे दप्तरांत, संस्थानांच्या दप्तरांत, देवस्थानांत आणि जुन्या वाड्यांत मोदीखान्याचे व कोठीचे हिशेब, वाणसौद्याच्या यादी, नैवेद्याचे बेहेडे, रोजकीर्दी आणि खतावण्या आहेत. परंतु छापील साधनांत त्यांचा वांटा किती? राजवाडे, खरे, पारसनीस ह्यांचे आमच्यावर अपार उपकार आहेत. १९३० ते १९३४ ह्या काळांत सरदेसायांनीं पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले, त्यांच्याशिवाय आज आमचें पान हलत नाहीं. तथापि त्यांच्यापुढें प्रश्न राज्याचा होता, म्हणून निवड राजकारणाची झाली. त्या पिढीस तोच प्रश्न योग्य होता. आमची चूक अशी कीं, त्यांची निवड हीच कागदाच्या मोलाची कसोटी आम्ही मानून बसलों.

ह्याचा परिणाम आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घरीं दप्तर पाहण्यास गेलों असतां मालकांनीं मोठ्या अगत्यानें शिक्क्याचीं दोन पत्रें दाखविलीं; तीं कांचेंत बसविलीं होतीं. बाकीचे रुमाल कोठें, म्हणून विचारलें, तेव्हां ‘तो नुसता किराण्याचा हिशेब होता, आदल्या वर्षीं रद्दींत घातला’ असें उत्तर मिळालें. एक रुमाल माळ्यावर राहून गेला होता. त्यांत गूळ, साखर व खडीसाखर ह्यांच्या निरनिराळ्या ओळी होत्या; पुढें वजन आणि दर. शिक्क्याचीं तीं पत्रें इतरत्र छापलेलीं होतीं. त्या हिशेबाची दुसरी प्रत जगांत नव्हती. मालकांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? संग्राहक व संशोधक पत्रांची चवकशी करीत आले, हिशेबाची कोणी केलीच नव्हती.

अशा हिशेबांवरून जे प्रश्न सुटतील त्यांतले थोडे सांगतों. देवाच्या नैवेद्यांत गुळाच्या जागीं पांढरी साखर केव्हां आली, आणि ती आधीं कोणाच्या घरीं आली? मोरस हें नांव यादींत पहिल्यानें केव्हां दिसतें? गांवच्या गुऱ्हाळाचा गूळ आणि बंदराची साखर ह्यांच्या दरांतील अंतर कोणत्या वर्षीं कमी झालें? चहा वाड्याच्या मासिक सामानांत केव्हां शिरला, आणि त्याच्याबरोबर साखरेचें वजन वाढलें कीं नाहीं? चहाचा खप वाढविण्यासाठीं १९०३ सालीं मळेवाल्यांच्या मागणीवरून खास पट्टी बसविण्यांत आली, हें आम्हांस कायद्याच्या पुस्तकांतून कळतें. तिचा परिणाम एखाद्या तालुक्याच्या गांवीं कोणत्या सालीं पोंचला, हें वाण्याची खतावणीच सांगूं शकेल. इंग्लंडांत मजुराच्या घरची वही न मिळाल्यामुळें मिंट्स ह्यांस अनुमान करावें लागलें. आमच्याकडे वाण्याच्या उधारीच्या खात्यांत गरिबाच्या घरचें सामान नांवनिशीवार लिहिलेलें असतें. म्हणजे त्यांचा दुसरा आक्षेपार्ह भाग दुरुस्त करण्याची संधि कदाचित् आम्हांसच आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. हिशेबाचा रुमाल कितीहि क्षुल्लक दिसला तरी फोडूं नये. ओळीच्या मागचीपुढची ओळ गेली कीं दराचा अर्थ जातो. कोणत्या गांवचा, कोणत्या पेठेचा हें लगेच लिहून ठेवावें, कारण मण व शेर प्रांतोप्रांतीं निराळे, आणि स्थळ हरवलें कीं वजन निरुपयोगी होतें. साखरेचीं व गुळाचीं नांवें जशीं असतील तशींच उतरावीं. ‘साखर’ म्हणून सर्व एका नांवांत घालूं नयेत. आणि मोडी वाचणारे जे थोडे लोक आज उरले आहेत, त्यांच्या वेळांतला कांहीं वेळ ह्या कामास द्यावा.

एकंदरींत ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हा ग्रंथ वर सांगितलेले दोष असूनहि प्रत्येक इतिहाससंशोधकानें वाचावा असा आहे. गोड कां लागतें हा प्रश्न जिभेचा. गोड कोठून आलें हा प्रश्न दप्तराचा. दुसऱ्या प्रश्नाचें लंडनच्या बाजूचें उत्तर मिंट्स ह्यांनीं दिलें. आमच्या बाजूचें उत्तर माळ्यावर आहे. तें रद्दीवाल्याच्या आधीं आमच्या हातीं लागो, एवढी इच्छा प्रकट करून हें परीक्षण पुरें करितों.